तेरेझाला विचारलेला प्रश्न आणि सिंदखेडची श्रावणी पौर्णिमा

१/ बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे गाव आपल्याला एकाच ओळखीने ठाऊक आहे : जिजाऊंचे माहेर. त्या माहेरावर २५ जुलै १६२९ रोजी काय कोसळले आणि तो दिवस तेथील स्त्रियांच्या वाट्याला कसा आला, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. आजचा धागा त्या दिवसाविषयी आहे. सुरुवात मात्र एका चेक व्हिडिओ गेमपासून करावी लागेल. त्याचे कारण पुढे कळेल.

२/ ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा गेम आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. वॉरहॉर्स स्टुडिओज या चेक संस्थेने तो २०१८ साली प्रसिद्ध केला. काळ इ. स. १४०३, प्रदेश बोहेमिया, म्हणजे आजचा चेक प्रजासत्ताकाचा भाग. यात जादू नाही, राक्षस नाहीत. राजा सिगिस्मंडचे सैन्य स्कालिट्झ हे खाणकामगारांचे गाव जाळते, लोहाराचा मुलगा हेन्री त्यातून निसटतो आणि तेथून कथा सुरू होते. स्कालिट्झवरील हल्ला खरा, तेथील सरदार रॅडझिग कोबिला खरा. हेन्री मात्र काल्पनिक.

३/ २०१९ साली या गेमला ‘अ वूमन्स लॉट’ नावाची कथा-पुरवणी जोडली गेली. पुरवणी म्हणजे मूळ गेम विकत घेतलेल्यांसाठी नंतर आलेला नवा कथाभाग. बहुतेक पुरवण्या कथा पुढे नेतात : नवा प्रदेश, नवी शस्त्रे, नवा शत्रू. ही पुरवणी कथेला मागे नेते. तोच हल्ला, तेच गाव, तोच दिवस. फरक इतकाच की या वेळी आपण हेन्री नसून तेरेझा असतो.

४/ मूळ गेममध्ये तेरेझा ही हेन्रीचा जीव वाचवणारी मुलगी. ती त्याला राटाय येथे आपल्या काकांच्या गिरणीवर आणून शुश्रूषा करते आणि मग कथेच्या कडेला उभी राहते. पुरवणीत तिचा दिवस घरकामाने सुरू होतो. हल्ला होतो तेव्हा हेन्री घोड्यावरून निघून जातो. ती मात्र त्या गावातच अडकते. लपणे, आपल्या माणसांचा शोध घेणे, जखमींना हात देणे : तिच्या वाट्याचे युद्ध हे असे आहे.

५/ या पुरवणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिची सुरुवात. तेरेझाची कथा आपोआप सुरू होत नाही. हेन्रीने गिरणीवर जाऊन तिला विचारावे लागते, ‘त्या दिवशी तुझ्यावर काय गुजरले?’ तो विचारत नाही तोवर ती कथा गेममध्ये असूनही नसल्यासारखी असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे रोजच्या कामासारखे वाटावे. साधनांत माहिती अनेकदा असते. आपण प्रश्न वेगळा विचारलेला नसतो.

६/ पुरवणीचा दुसरा भाग जोहान्काचा. हल्ल्यातून वाचलेली ही मुलगी साझावाच्या मठात जखमींची सेवा करते, तिला दृष्टान्त होऊ लागतात, लोक तिच्याभोवती गोळा होतात आणि प्रकरण धर्मन्यायालयापुढे जाते. स्त्रीचे बोलणे ऐकले जाऊ लागले की सत्ता अस्वस्थ होते, हे मध्ययुगीन युरोपातील वास्तव येथे कथेत येते. हा भाग एवढाच सांगून आता आपण वऱ्हाडाकडे वळू.

७/ आधी पार्श्वभूमी. लखुजी जाधवराव हे सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतील बलाढ्य मराठा सरदार. हे घराणे देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगे. १६२१ च्या सुमारास लखुजी निजामशाही सोडून मुघलांकडे गेले आणि त्यांच्या कुटुंबीयांना मोठ्या मनसबी मिळाल्या. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मुघलांच्या बाजूने होते, तर जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने. म्हणजे जिजाबाईंचे वडील एका फळीत आणि पती समोरच्या फळीत.

८/ हे वैर त्याहून जुने होते. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात खंडागळे सरदाराच्या हत्तीचा प्रसंग आहे. दरबार सुटल्यावर हत्ती बेफाम झाला, त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर धावून गेले. लखुजींचे पुत्र दत्ताजी हे शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी यांच्या हातून मारले गेले. मग लखुजींनी संभाजींना मारले. जिजाबाईंच्या बाजूने पाहा : एकाच दिवशी सख्खा भाऊ गेला आणि दीरही गेला. सुतक दोन्हींकडचे.

९/ मलिक अंबर १६२६ मध्ये वारला आणि निजामशाही दरबाराची घडी विस्कटली. लखुजी पुन्हा निजामशहाकडे आले, परंतु विश्वास उरला नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, दरबारात बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. त्यांच्यासह अचलोजी आणि राघोजी हे दोन पुत्र आणि यशवंतराव हा नातू असे चौघे एकाच जागी मारले गेले. एका घरातील तीन पिढ्या काही क्षणांत संपल्या.

१०/ तिथी होती श्रावण शुद्ध पौर्णिमा. आज आपण ज्या पौर्णिमेला राखी बांधतो ती. त्या काळी दख्खनमध्ये हा सण आजच्या स्वरूपात होता असे मी म्हणत नाही. मात्र दरवर्षी त्या तिथीला जिजाबाईंच्या मनात काय येत असेल, याचा विचार करायला कोणत्याही सणाची गरज नाही. वडील, दोन भाऊ आणि भाचा यांच्या श्राद्धाची ती तिथी होती.

११/ मुख्य कथा येथून शहाजीराजांकडे वळते. सासऱ्यांच्या हत्येनंतर त्यांनी निजामशाही सोडली आणि १६३० मध्ये ते मुघलांच्या सेवेत गेले. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद येथे संपतो आणि पुढचा परिच्छेद शिवनेरीवर सुरू होतो. पण आपण तेरेझाची पुरवणी खेळत आहोत. तेव्हा गिरणीवर जाऊन विचारायचे : त्या दिवशी जाधवांच्या घरातील स्त्रिया कोठे होत्या?

१२/ उत्तर साधनांत आहे. लखुजींच्या पत्नी त्या वेळी दौलताबादेतच होत्या. हत्येची वार्ता कळताच त्या, लखुजींचे बंधू जगदेवराव आणि पुत्र बहादूरजी तेथून निसटले आणि सिंदखेडला पोहोचले. पती, दोन मुले आणि नातू गेल्याचे कळल्यावर बसून रडण्याइतकाही वेळ त्यांना मिळाला नसेल, कारण पुढची पाळी उरलेल्यांची होती. इतिहासग्रंथांत या पलायनाला साधारण एक वाक्य मिळते.

१३/ आणि या स्त्रीचे नाव काय? कोठे म्हाळसाबाई, कोठे गिरिजाबाई. काही जण दोन्ही नावे एकापुढे एक लिहून मोकळे होतात. लखुजींच्या मनसबीचे आकडे मुघल बखरनवीसांनी नोंदवले, हत्येची तिथी नोंदली गेली, मृतांची नावे नोंदली गेली. त्या दिवसातून वाचलेल्या आणि घर पुन्हा उभे करणाऱ्या स्त्रीच्या नावावर मात्र आपले एकमत नाही. एरवी एका तारखेवरून आपण आठवडाभर वाद घालतो, म्हणून हे सांगितले.

१४/ आता त्या एका वाक्याचा भूगोल पाहू. दौलताबाद ते सिंदखेड हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाट पूर्वेकडे, जालन्यावरून. मध्ये दुधना, मग जालन्याची कुंडलिका. महिना श्रावण. मराठवाड्यातील काळी माती पावसात कशी चिकटते हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायला नको : पाय रुततो, घोड्याचा खूर रुततो, गाडा तर जागचा हलत नाही. ओढ्याला पूर आला असेल तर उतार मिळेपर्यंत थांबायचे, मागून स्वार येत असले तरी. पौर्णिमेची रात्र, ढग नसतील तर वाटही दिसणार आणि माणसेही.

१५/ येथे एक दंडक सांगतो, कारण ऐतिहासिक गेम असो वा कादंबरी, गल्लत येथेच होते. तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिली, नोंदलेली : पलायन झाले, ती माणसे सिंदखेडला पोहोचली. दुसरी, अनुमानाने सांगता येणारी : पाऊस, चिखल, नद्या, पौर्णिमेचा चंद्र. तिसरी, कल्पिलेली : वाटेत कोणी पाणी दिले, कोणी दार लावून घेतले, कोण काय बोलले. कल्पनेला मज्जाव नाही. तिने पहिल्या दोन गोष्टींना धक्का लावायचा नाही, एवढीच अट.

१६/ चेक मंडळींनी नेमके हेच केले. हल्ला नोंदलेला, गावाची रचना अभ्यासाने बांधलेली, तेरेझा कल्पिलेली. शिवाय गेममध्येच एक कोश ठेवला, ज्यात त्या काळातील व्यक्ती, चालीरीती, व्यवसाय यांची माहिती वाचता येते. आपल्याकडे उलट घडते. घडलेली घटना आणि लोककथा एकाच आवाजात सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याला त्यांतला सांधा दिसत नाही.

१७/ उदाहरण घ्या. एक लोकप्रिय कथा अशी : लखुजी सैन्यासह शहाजीराजांचा पाठलाग करत होते, सात महिन्यांच्या गरोदर जिजाबाईंना घोडदौड सोसेना, म्हणून शहाजीराजे त्यांना शिवनेरीवर ठेवून पुढे गेले आणि मागून आलेल्या वडिलांशी मुलीची भेट झाली. प्रसंग नाट्यमय आहे. आता तारखा मांडा. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०. सातवा महिना म्हणजे साधारण डिसेंबर १६२९. लखुजींची हत्या त्याच वर्षीच्या जुलैमधली. पाठलाग करणारे वडील तेव्हा हयातच नव्हते.

१८/ शिवभारतातील हकीकत निराळी आहे. तेथे जिजाबाई शिवनेरीवर राहतात त्या थोरले पुत्र संभाजीराजे यांच्या सासरच्या आश्रयाने आणि शहाजीराजे मोहिमेवर जातात. पाठलागाची कथा काढून टाकली की कथेत काही उरत नाही, असे वाटते का? उलट पाहा. जुलै १६२९ मध्ये जिजाबाईंना नुकतेच दिवस गेले होते. त्या अवस्थेत माहेरची चार माणसे गेल्याची वार्ता त्यांना मिळाली. तारखांनी सिद्ध होणारी ही गोष्ट कल्पित पाठलागापेक्षा कितीतरी जड आहे आणि ती आपण जवळजवळ कधीच सांगत नाही.

१९/ समजा, सिंदखेडवर अशी कथा-पुरवणी करायची झाली. नायिका कोण? जिजाबाई नव्हेत, लखुजींच्या पत्नीही नव्हेत. खऱ्या व्यक्तीच्या तोंडी चार तासांचे संवाद घालणे हे त्या व्यक्तीवर अन्याय करणारे ठरते. नायिका असावी वाड्यावर पाणी भरणारी एखादी मुलगी, दौलताबादच्या छावणीतून मालकिणीसोबत परत निघालेली. दंडकाप्रमाणे ती कल्पित; तिच्याभोवतीचे जग मात्र खरे.

२०/ हे जग उभे करण्यासाठी सिंदखेडला पुरेसे सामान आहे. लखुजींच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार, रंगमहाल, काळ्या दगडाचा काळा कोट, नीळकंठेश्वराचे मंदिर, मोती तलाव आणि मध्यभागी इमारत असलेला चांदणी तलाव. पाणी भरणाऱ्या मुलीसाठी तर नकाशा आयता आहे : सजनाबाईची विहीर आणि शिल्पांमुळे ओळखली जाणारी पुतळा बारव. गावाची बातमी दरबारात पोहोचण्याआधी पाणवठ्यावर पोहोचते. म्हणून कथेतील बहुतेक माहिती नायिकेला बारवेच्या पायऱ्यांवरच मिळायला हवी.

२१/ गावाबाहेरचा नकाशाही समृद्ध आहे. जवळच मेहकर, अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यात मेहकर सरकारची नोंद आहे. त्याच ग्रंथात लोणारचाही उल्लेख येतो : तेथील क्षारांपासून काच आणि साबण बनवण्याचे साहित्य मिळते, असे अबुल फजल लिहितो. उल्कापाताने झालेले विवर म्हणून आज जग लोणार पाहायला येते. १६२९ च्या माणसासाठी ते तीर्थ होते आणि रोजगाराची जागाही. गेममधील व्यापारी कोठून येतो आणि गोणीत काय आणतो, हे ठरवायला एवढे पुरे.

२२/ तपशिलांची काही पथ्ये. स्वयंपाकघरात बटाटा आणि टोमॅटो नको. जोंधळ्याची भाकरी हवी. बाजारात शिवराई नको, ती १६७४ नंतरची. निजामशाही तांब्याची नाणी आणि होन चालतील. श्रावण असल्याने शेतात जोंधळा हिरवा उभा, कणसे अजून धरायची आहेत आणि घरातले धान्य मागच्या वर्षीचे. म्हणजे छावणी अचानक गावात आली की पहिला प्रश्न भाकरीचाच पडणार.

२३/ शेवटचे प्रकरण लढाईचे नसावे. सिंदखेडला परतल्यावर उरलेल्या जाधवांपुढे खरा पेच होता : आता कोणाचा आश्रय घ्यायचा? जगदेवराव आणि बहादूरजी पुढे मुघलांच्या सेवेत गेले. हा निर्णय दरबारी इतिहासात ‘पक्षांतर’ म्हणून नोंदला जातो. ज्या घरात नुकताच चार जणांचा शोक सुरू होता तेथून पाहिल्यास तो उरलेली माणसे जगवण्याचा निर्णय होता. खेळाडूला हा निर्णय बदलता येऊ नये. तो कसा झाला हे मात्र दाराआडून ऐकता यावे.

२४/ त्यानंतर आले ते सर्वांवरच आले. १६३० मध्ये पावसाने दगा दिला आणि १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास शाहजहान स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला आणि त्याच्या फौजा निजामशाही मुलखात फिरू लागल्या. दुष्काळ आणि फौजा एकत्र आल्यावर वाड्यातील बाई आणि पाणी भरणारी मुलगी यांच्यातील अंतर किती उरले असेल? आपल्या कथेची नायिका या वर्षांतून वाचली की नाही, हा प्रश्न पुरवणीने मोकळा सोडावा.

२५/ असा गेम महाराष्ट्रात होऊ शकेल का? पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ काढला. त्याचीही नायिका एक मुलगीच, भावाच्या शोधात निघालेली. तो पुराणकथांच्या जगातला गेम आहे. म्हणजे कौशल्य आपल्याकडे आहे. इतिहासाच्या बाबतीत अडते ते धीराच्या ठिकाणी : नायक पडद्यावर नसताना त्याच्या काळाची गोष्ट सांगण्याचा धीर.

२६/ यावर आक्षेप येईल की अशाने थोरांचे महत्त्व कमी होते. मला तसे वाटत नाही. तेरेझाची पुरवणी खेळल्यावर हेन्री लहान होत नाही. त्याला वाचवणारी मुलगी त्या दिवशी काय भोगून आली होती हे कळते. जिजाबाईंना आपण ‘राजमाता’ म्हणतो तेव्हा त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहत असतो. एकतीस-बत्तीस वर्षांची, माहेर उद्ध्वस्त झालेली, गरोदर स्त्री नजरेसमोर आली तर तो उत्तरार्ध अधिक नीट समजतो.

२७/ सिंदखेडची जमीनही अजून सर्व काही बोलून झालेली नाही. २०२४ मध्ये लखुजींच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना जमिनीखाली सव्वादोन मीटरच्या आसपास शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. लक्ष्मी पाय चुरते आहे, मागे समुद्रमंथनाचा देखावा. लखुजींच्या आधीही येथे एक जग नांदत होते, हे त्या खोदकामाने दाखवले.

२८/ १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त लाखो लोक सिंदखेडला जातात. तुम्ही गेलात तर राजवाड्यासमोर छायाचित्र जरूर काढा. मग थोडे चालून समाधीकडे जा आणि तेथून पुतळा बारवेपर्यंत. श्रावणातील त्या पौर्णिमेनंतर दौलताबादहून चिखल तुडवत माणसे याच गावात परतली. त्यांच्यात एक स्त्री होती, जिच्या नावावर अजून आपले एकमत नाही. तिला आपण एवढे तरी विचारू शकतो : ‘बाईसाहेब, त्या दिवशी आपल्यावर काय गुजरले?’

२९/ धागा येथे थांबवतो. तुमच्या गावात असा एखादा वाडा, बारव किंवा समाधी असेल, जिच्याबद्दल फक्त पुरुषांच्याच कथा सांगितल्या जातात, तर खाली लिहा. गावाचे नाव, वास्तू आणि तुम्ही ऐकलेली कथा एवढे पुरे. नोंदलेले काय आणि ऐकीव काय, हे वेगळे लिहिलेत तर फार उत्तम. पुढचा धागा बुलढाणा जिल्ह्यातीलच : १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई.